कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल, लेव्हल १, मद्रास ट्रॅक: फी भरण्याआधी हे वाचा

ही रेसट्रॅकवर मोटरसायकल चालवायला शिकवणारी शाळा आहे आणि लेव्हल १ हा तिचा पहिला टप्पा. ज्यांना लॅप टाइम, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची वेळ, हवाय त्यांनी या शाळेत जाऊ नये, हे आधीच सांगून टाकते. लेव्हल १ ला कुणी तुमच्यावर घड्याळ लावत नाही, पहिला-दुसरा काढत नाही. मिळतं ते एवढंच: वळणात आपण जे करतो त्यातलं किती समजून करतो आणि किती घाबरून करतो, याचा हिशोब. मला तो पैशाला परवडला. पण का परवडला, याचं अर्धंच श्रेय शाळेला आहे. उरलेलं आधीच्या पावसाळ्यापासून घरी चाललेल्या तयारीला, म्हणून हा रिव्ह्यू त्या दिवसापेक्षा तयारीवरच जास्त रेंगाळणार आहे.

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गाडी केटीएम आरसी ३९०, म्हणजे आमच्याच एमआयडीसीत जन्मलेली. वय चाळिशीला टेकलंय, घरी नवरा, सासूबाई आणि नववीतला मुलगा. ही माहिती फुशारकीसाठी देत नाहीये. इंटरनेटवरचे बहुतेक रिव्ह्यू पंचविशीतल्या, सडाफटिंग मुलांनी लिहिलेले असतात आणि त्यांत ‘लेदर घाला, पाणी प्या’ याच्या पुढे काही नसतं.

आधी शाळेबद्दल थोडक्यात. कीथ कोड या अमेरिकन गृहस्थांनी ती १९८० मध्ये सुरू केली. भारतात २०१० पासून, टीव्हीएसच्या साथीने, मद्रासच्या ट्रॅकवर तिचे वर्ग भरत आले. हा ट्रॅक चेन्नईत नाही. शहरापासून साधारण चाळीस किलोमीटरवर, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने बांधलेला, १९९० पासून वापरात असलेला. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं बारा. आपल्याकडच्यांसाठी एक गंमत: आपल्या घराजवळून जातो तोच राष्ट्रीय महामार्ग ४८ कोल्हापूर, हुबळी, बंगळुरू, वेल्लोर करत थेट ट्रॅकच्या शेजारून जातो. कात्रजचा बोगदा ओलांडला की रस्ता विचारायची गरज नाही, फक्त बाराशेच्या आसपास किलोमीटर जायचं.

आता मुद्द्याचं. कोड यांची एक जुनी कल्पना आहे: प्रत्येक चालकाकडे लक्ष देण्यासाठी म्हणून दहा डॉलरची एकच नोट असते. नवशिक्याचे त्यातले पाच नुसते क्लचवर उडतात. हात बसला की तेच काम पाच सेंटांत होतं आणि उरलेले पैसे रस्त्याकडे वळवता येतात. हे ऐकायला सोपं वाटतं, पण तयारीची यादी करताना मी हीच नोट समोर ठेवली. कुठली गोष्ट त्या दिवशी माझे पैसे खाईल? टोचणारा ग्लोव्ह, तहान, मऊ पडलेला ब्रेक, ‘गाडी पडली तर हप्ते कसे भरायचे’ ही काळजी. सगळ्यांना आधीच घरी बसवून जायचं होतं.

सगळ्यात जास्त पैसे आणि डोकं गेलं लेदर सूटपायी. ट्रॅकवर वन-पीस सूटच चांगला. टू-पीस असेल तर दोन्ही भाग पूर्ण गोल चेनने जोडले जाणारे हवेत. पाठीमागे वीतभर चेन असलेले जॅकेट-पँट घसरताना वर सरकतात. कातडं गाईचं किंवा कांगारूचं. कांगारूचं तेवढ्याच ताकदीला पातळ आणि हलकं असतं, आणि किंमत ऐकून आपणही हलके होतो. इथपर्यंतचं कुणीही सांगेल. बाईच्या मापाचा सूट आपल्याकडे मिळत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. एका नामांकित शिवणाऱ्याला मी मापं पाठवली. नाव घेत नाही. त्याने पुरुषाचाच नमुना घेतला, कंबरेला चिमटा काढला आणि पाठवून दिला. उभी असताना झकास दिसत होता. गाडीवर बसले तर खांद्यातून हात पुढे जाईना आणि गुडघ्याचं आर्मर, म्हणजे आतली संरक्षक गादी, नडगीवर उतरलं. फोनवर उत्तर मिळालं, “मॅडम, लेदर आहे, वापरून सैल होईल.” लेदर सैल होतं हे खरं, पण आर्मर चार बोटं वर चढत नाही. शेवटी बंगळुरूच्या, माझ्याच अंगलटीच्या एका मुलीचा वापरलेला सूट घेतला. पडल्याची खूण नव्हती, शिलाई तिहेरी होती, आर्मर नवीन घालून घेतलं.

सूट निवडताना आरशासमोर उभं राहू नका. गाडी पॅडक स्टँडवर (गाडी सरळ उभी धरणाऱ्या घोडीवर) लावा, सूट घालून टाकीवर छाती टेकवा आणि दहा मिनिटं तशाच राहा. चांगला सूट उभं असताना अवघडलेलाच वाटतो, कारण तो वाकलेल्या शरीरासाठी कापलेला असतो. मी आमच्या पार्किंगमध्ये हे करत असताना वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, “अगं, गाडी चालू तरी कर!”

पाठीच्या प्रोटेक्टरबद्दल माझ्यातली क्वालिटीवाली जागी होते. सूटमध्ये फुकट मिळणारा फोमचा तुकडा म्हणजे प्रोटेक्टर नव्हे. लेबलवर ईएन १६२१-२ हे युरोपीय मानक लिहिलेलं हवं, आणि त्यापुढे लेव्हल. लेव्हल १ मध्ये ठरलेल्या आघातातून सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत बल पलीकडे गेलं तरी तो पास होतो. लेव्हल २ ला मर्यादा ९. म्हणजे निम्मी. किमतीतला फरक इतका नसतो. कणा एकच आहे, लेव्हल २ घ्या. हेल्मेट फुल-फेस, डबल-डी रिंगचं, ईसीई २२.०६ प्रमाणित. कधी आपटलेलं असेल तर ते फडताळात ठेवा, डोक्यावर नको. ग्लोव्ह मनगट झाकणारे घ्या आणि आधी महिनाभर कंपनीत जाता-येता वापरून मऊ करा. नवे ग्लोव्ह ट्रॅकवर पहिल्यांदा घालणं म्हणजे लग्नात नवे बूट घालून सप्तपदी चालणं.

गाडीचं काम त्या मानाने स्वस्त आणि जास्त समाधानाचं. शाळेची मागणी फार नसते: टायर, ब्रेक, चेन नीट हवेत, कुठून गळती नको, आरसे काढलेले किंवा झाकलेले, काचेच्या दिव्यांवर चिकटपट्टी. मी थोडी पुढे गेले. ब्रेक ऑइल पूर्ण बदलून डॉट ४ भरलं आणि हवा काढून घेतली, कारण जुन्या तेलात ओलावा मुरलेला असतो. तो गरम झाला की लिव्हर स्पंजासारखी दबते. टायरच्या बाजूवर ‘DOT’ या अक्षरांजवळ चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. खोबणी भरपूर दिसत असली तरी म्हाताऱ्या टायरवर विश्वास टाकू नये. चेनचा ढिलेपणा गाडीवर माणूस बसवून तपासला. त्या कामासाठी नवऱ्याला बसवलं. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचा कोन आपल्या मनगटाच्या रेषेत आणणं हे काम फुकट आहे, पाच मिनिटांचं आहे आणि दहापैकी नऊ जण करत नाहीत.

रेसिंगच करायचं असेल तर यादी वाढते. कूलंटमधलं ग्लायकॉल डांबरावर सांडलं की मागच्या माणसाचा खेळ संपतो, म्हणून तिथे साधं पाणी भरतात. ऑइलचा ड्रेन बोल्ट तारेने बांधतात, साइड स्टँड उतरवतात. आमच्या गॅरेजवाल्या मामांनी ड्रेन बोल्टला भोक पाडायचं म्हटल्यावर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी किडनी काढायला सांगतेय. लेव्हल १ साठी यातलं काही लागत नाही. मी केलं ते हौसेपोटी.

शरीराचं काय? जिममध्ये दंड फुगवून उपयोग नाही. हातात जितकी ताकद जास्त, तितका हँडल आवळण्याचा मोह जास्त. लागतात त्या मांड्या, पोट आणि पाठ. गुडघ्यांनी टाकी धरून ठेवता आली की हात मोकळे राहतात. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, प्लँक, सूर्यनमस्कार आणि रविवारी भंडाऱ्याचा डोंगर, तोही उतरताना गुडघे वाकवून सावकाश. सासूबाईंना वाटलं, मला अचानक तुकोबांची ओढ लागली. मी गैरसमज दूर केला नाही. शिवाय पाणी. मद्रासची हवा दमट, लेदरच्या आत घाम वाळत नाही. सेशन संपल्यावर घटाघटा पिऊन भागत नाही. आदल्या दिवसापासून थोडं थोडं पीत राहायचं, सोबत ओआरएस. सकाळी पोटभर पोंगल खाऊन ट्रॅकवर उतरलेले मला जेवणाआधीच्या वर्गात डुलक्या काढताना दिसले.

आणि एक तयारी अजिबात करू नका: लवासाच्या किंवा ताम्हिणीच्या रस्त्यावर ‘प्रॅक्टिस’. समोरून येणाऱ्या एसटीला तुमची रेसिंग लाइन माहीत नसते. ट्रॅक परवडत नाही म्हणून घाटात गुडघा घासणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांच्या मागे बसायलाही जात नाही.

पैशांचं बोलू. फी प्रत्येक वेळी बदलते, म्हणून आकडा देत नाही, पण माझा अंदाज असा: गाडी नेणं-आणणं, राहणं, टायर-ब्रेक हे धरून फीइतकेच पैसे वर लागतात. लेदर आणि हेल्मेट वेगळं. मी कंपनीतला बोनस आणि एक बंद केलेली भिशी यात घातली. घरी खरी चर्चा पैशावर नाही, विम्यावर झाली. पॉलिसीची बारीक अक्षरं वाचा. मोटार विम्यात संघटित रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, म्हणजे ट्रॅकवर मोडलेलं फेअरिंग (गाडीचं बाहेरचं प्लास्टिक) आपल्याच खिशातून. अपघात आणि आरोग्य विम्यातही धाडसी खेळांचं कलम असतं. एजंटला तोंडी विचारू नका, लेखी उत्तर मागा. नवरा म्हणाला, “पडलीस तर?” मी कागद काढून दाखवला: गाडीचे किती, माझे किती, कुठल्या एफडीतून. तो कागद वाचून झाल्यावर त्याने पुन्हा विचारलं नाही. ट्रॅकवर मलाही तो प्रश्न पडला नाही. दहाची नोट शाबूत.

गाडी नेण्याचे दोन मार्ग. रेल्वेच्या पार्सलने: टाकी रिकामी करायची, गोणपाटात बांधायची, मग वाट बघायची. किंवा तिघा-चौघांनी मिळून पिकअप. आम्ही पिकअप केला. पट्टे हँडलला नाही, खालच्या ट्रिपल क्लॅम्पला (पुढचे दोन्ही फोर्क धरणाऱ्या पट्टीला) बांधा आणि पुढचा सस्पेन्शन थोडा दाबून ठेवा. आमच्या ड्रायव्हर दादांनी हुबळीपर्यंत दर धाब्यावर उतरून पट्टे ओढून पाहिले आणि प्रत्येक वेळी “ताई, गाडी हलली नाही” असा रिपोर्ट दिला. त्यांना पाच तारे.

आता शाळेचा दिवस. सकाळी गाडीची तपासणी, झेंड्यांची माहिती (पिवळा, लाल, काळा, निळा, चौकटींचा) आणि ओव्हरटेकचे नियम. मग पाच फेऱ्यांचं चक्र सुरू होतं: वर्ग, साधारण वीस मिनिटं ट्रॅक, परत येऊन कोचशी बोलणं. एका कोचकडे तीन विद्यार्थी. वर्ग इंग्रजीत चालतात, पण भाषा सोपी असते. प्रत्येक फेरीला शिकायची गोष्ट एकच. दुसरं काही सुधारायला गेलात तर कोच हसून परत तिथेच आणतात.

पहिला धडा थ्रॉटलचा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरचा, आणि तो चौथ्या गिअरमध्ये, ब्रेक न लावता. हे ऐकून आमच्या तुकडीतल्या लिटरबाइकवाल्यांचे (हजार सीसीच्या गाड्यावाल्यांचे) चेहरे पडले. पण ब्रेक नाही म्हटल्यावर वळणात शिरतानाचा वेग सरळ रस्त्यावरच ठरवावा लागतो, म्हणजे वेग ओळखायला शिकावं लागतं. वळणात एकदा थ्रॉटल उघडायला सुरुवात केली की ते वळण संपेपर्यंत एकसारखं, हळूहळू, न थांबता उघडत राहायचं, एवढा एकच नियम. कारण टायरमध्ये आहे. मागचा टायर रुंद, पुढचा अरुंद; साधारण ४० टक्के वजन पुढे आणि ६० टक्के मागे असेल तर दोघांनाही झेपतं. मध्येच थ्रॉटल सोडला की वजन पुढे धावतं, गाडी रुंद जाते, आपण घाबरतो आणि अजून सोडतो.

दुसरा धडा टर्न पॉइंट. गाडी कुठून वळवायची ती जागा ट्रॅकवर चक्क खूण करून दाखवलेली असते. माझ्या मते अख्ख्या दिवसाचं मोल इथे आहे. रस्त्यावर आपण वळण दिसलं की वळतो. इथे ठरवलेल्या जागी वळतो. आमच्या इन्स्पेक्शनच्या टेबलावर नव्या मुलांना आम्ही हेच शिकवतो की आधी दहा वेळा तेच रीडिंग आलं पाहिजे, ते बरोबर की चूक हे त्यानंतर बघू. सी-वन, म्हणजे मुख्य सरळ रस्त्याच्या शेवटचं वेगवान उजवं वळण, मला सकाळी दरवेळी नवं भासत होतं. जागा ठरल्यावर ते एकच वळण झालं.

तिसरा क्विक टर्न: गाडी हळूहळू कलवत न नेता, काउंटरस्टीअरिंगने (ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचं हँडल पुढे ढकलून) एका झटक्यात हवी तेवढी कलवायची. झटका म्हणजे धसमुसळेपणा नव्हे. जितक्या लवकर कललात, तितकं कमी कलावं लागतं, हे मला कागदावर पटलं होतं. अंगाला पटायला ट्रॅक लागला. याआधी पॅडकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या मोकळ्या जागेत, कोच समोर उभे राहून हँडल नेमकं कुठे आणि किती ढकलायचं ते एकेकाकडून करून घेतात. चौथा धडा हात सैल सोडण्याचा. वळणात कोपर पंखांसारखे हलवता आले पाहिजेत. पाचवा नजरेचा: टर्न पॉइंट दिसला की नजर तिथेच खिळवून न ठेवता, वळण्याआधीच आतल्या कडेकडे न्यायची. पुढच्या फेऱ्यांत गिअर आणि हलका ब्रेक वापरायची मुभा मिळत जाते.

या सगळ्याखाली कोड यांचा एकच सिद्धांत आहे, ‘सर्व्हायव्हल रिअॅक्शन’. धोका वाटला की शरीर काही गोष्टी आपोआप करतं: थ्रॉटल सोडतं, हँडल आवळतं, नजर अरुंद होते, एकाच जागी चिकटते, आणि जिथे नजर तिथे गाडी. त्या जीव वाचवायला निघालेल्या आणि जिवावर बेतणाऱ्या सवयी. शाळेचा प्रत्येक धडा त्यातल्या एकीवर उतारा आहे, हे चौथ्या फेरीपर्यंत माझ्या लक्षात आलं आणि मग मी वहीत धडे लिहायचं सोडून सवयी लिहायला लागले.

कोच मागून येतात, थोडा वेळ पाहतात, पुढे जातात, मग स्वतःच्या गाडीच्या शेपटीवर थाप मारतात. म्हणजे ‘माझ्या मागे ये’. माझ्या कोचबाईंनी चौथ्या फेरीनंतर मला एकच विचारलं, “डावीकडच्या वळणात तुझा उजवा हात काय करत होता?” त्यांनी उत्तर दिलं नाही, पुढच्या फेरीत जाऊन बघ म्हणाल्या. पाहिलं तर तो हँडलवर टेकून अख्खं धड सांभाळत होता. मांड्यांनी टाकी धरली, हात सुटला, गाडी शांत झाली. भंडाऱ्याचा डोंगर तिथे वसूल झाला. पिटमध्ये पाणी देणारा मुलगा “अक्का, सूपर!” म्हणाला तो बहुधा प्रत्येकीला म्हणत असेल, पण मी ते माझ्यासाठीच घेतलं.

कुणासाठी नाही ते स्पष्ट लिहिते. गाडीवरून लटकून गुडघा टेकवायचे फोटो हवे असतील तर थांबा. शरीराची ठेवण हा लेव्हल ३ चा विषय आहे. आठ महिन्यांपूर्वी गिअरची गाडी शिकलेल्यांनीही थांबावं, त्यांची अर्धी नोट अजून क्लचवर जातेय. आणि रेसिंगसाठी ही शाळा पुरेशी नाही. स्टार्ट कसा घ्यायचा, गर्दीत पहिल्या वळणात कसं शिरायचं, हे इथे येत नाही. त्यासाठी एफएमएससीआय या मोटरस्पोर्ट महासंघाचं लायसन्स, डॉक्टरी तपासणी, आणि राष्ट्रीय स्पर्धेत नवशिक्यांच्या गटात जाऊन मार खाण्याची तयारी हवी. टीव्हीएसच्या वन-मेक (सगळ्यांना एकच मॉडेल) स्पर्धेत मुलींचा वेगळा गट असतो, तिथे निवडीसाठी जाणाऱ्या दोन कॉलेजच्या मुली आमच्या तुकडीत होत्या. त्यांचा वेग पाहून मला माझं वय कळलं. टर्न पॉइंट मात्र माझा जास्त पक्का होता, हे त्याच म्हणाल्या.

मार्क द्यायचे तर शिकवण्याला दहापैकी नऊ. एक मार्क मी राखून ठेवलाय, तो लेव्हल २ नंतर बघू. नाव घालायचंय, पण आधी मागचा टायर आणि चेन-स्प्रॉकेट. मुलाच्या दहावीच्या क्लासची फीही याच वर्षात आहे, तेव्हा पैसे त्या क्रमाने सुटतील. गाडी नेण्यासाठी पिकअपमध्ये एक जागा रिकामी आहे. पुणे-चाकण बाजूचं कुणी येणार असेल तर खाली लिहा, पट्टे स्वतःचे आणा.